विंडोज अपडेट बंद करू नका, त्याचा वार आणि वेळ तुम्ही ठरवा

ऑफिसातला कॉम्प्युटर नेमका बुधवारी सकाळी का रेंगाळतो, याचं उत्तर कॅलेंडरात आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट सोडतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. मुंबईत तेव्हा मंगळवारची रात्र असते. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर साडेदहा आणि नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत साडेअकरा. आपल्याकडची बहुतेक मशीन तोवर बंद झालेली असतात. बुधवारी सकाळी बटण दाबलं, इंटरनेट जोडलं गेलं, की डाउनलोड सुरू होतं. दुपारी मशीन जड होतं आणि संध्याकाळी कोपऱ्यात रीस्टार्टची पाटी येऊन बसते.

दुसरा मंगळवार कायम ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचा जीएसटी रिटर्न) ची शेवटची तारीख ११, तिमाहीवाल्यांची १३. म्हणजे सीए ऑफिसात ज्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते, त्याच्याच आसपास अपडेट येऊन आदळतं. २०२६ मध्ये फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर या तिन्ही महिन्यांत दुसरा मंगळवार १० तारखेला आहे, म्हणजे अपडेट उतरण्याचा बुधवार हाच ११ तारखेचा बुधवार. हे टाळता येतं. त्यासाठी 'अपडेट ब्लॉकर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं लागत नाहीत, विंडोजमध्ये आहे तेवढं पुरतं.

तक्रार नेमकी कशाची आहे?

'अपडेटचा वैताग' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळी दुखणी असतात: डाउनलोड नेट खातं, इन्स्टॉल मशीन मंद करतं आणि रीस्टार्ट काम बुडवतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. रीस्टार्टचा त्रास असताना वायफायची सेटिंग बदलत बसलात तर काही हाती लागणार नाही.

आधी मशीनवर काय आहे ते बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या खिडकीत विनव्हर हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. विंडोज १० आहे की ११, होम आहे की प्रो, हे तिथे दिसेल. दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपवर बहुधा होम असतं. विंडोज ११ मध्ये पुढची सगळी कामं 'सेटिंग्ज' उघडून डावीकडच्या यादीतल्या शेवटच्या 'विंडोज अपडेट'मध्ये होतात. विंडोज १० मध्ये वाटेत 'अपडेट अँड सिक्युरिटी' लागतं.

त्या पानावर वरच्या बाजूला 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत' अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर तो लॅपटॉप कंपनीचा आहे आणि वेळापत्रक कंपनीच्या आयटी विभागाने बसवलेलं आहे. मालाड किंवा ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्यांना पहाटे तीनला रीस्टार्ट झेलावा लागतो तो त्यामुळेच. अशा मशीनवर स्वतः काही करू नका. पाळीच्या वेळा लिहून आयटीकडे तिकीट टाका. वेळ बदलणं त्यांच्या बाजूने सोपं असतं.

रीस्टार्ट

'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आहे. या तासांत विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही. मूळ सेटिंग 'ऑटोमॅटिक' असतं, म्हणजे तुम्ही केव्हा काम करता याचा अंदाज मशीन स्वतः बांधतं. ज्याच्या कामाच्या वेळा रोज वेगळ्या, त्याच्या बाबतीत हा अंदाज हमखास चुकतो. ते 'मॅन्युअली' करा. जास्तीत जास्त १८ तासांची मुभा आहे. सकाळी सात ते रात्री एक असं भरलं की बहुतेकांचा अख्खा दिवस सुरक्षित होतो.

ही सेटिंग डाउनलोड थांबवत नाही, इन्स्टॉलही थांबवत नाही, फक्त रीस्टार्ट अडवते. शिवाय त्या तासांबाहेर मशीन कधीच चालू नसेल, तर विंडोजला रीस्टार्टसाठी जागाच उरत नाही. मग ते काम दिवसेंदिवस तुंबतं आणि सूचना अधिकाधिक मोठ्या होत जातात.

त्याच पानावर 'रीस्टार्ट करायची वेळ झाली की मला कळवा' असा एक स्विच आहे, तो चालू करा. 'गेट मी अप टु डेट' हा मात्र बंदच हवा. तो चालू असला की विंडोज अ‍ॅक्टिव्ह अवर्सनाही जुमानत नाही. लॅपटॉप रात्री आपोआप जागा होत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये चालू प्लॅनच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' सेटिंग्ज उघडा, 'स्लीप'खाली 'अलाव वेक टायमर्स' शोधा आणि 'डिसेबल' करा.

न सेव्ह केलेलं काम वाचवण्यासाठी वर्ड आणि एक्सेलमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' असं जाऊन ऑटोरिकव्हरची मुदत १० मिनिटांवरून ३ करा. टॅलीत एंट्री स्वीकारली की ती लगेच साठते, पण चालू टॅली मध्येच मारली गेली तर डेटा खराब होऊ शकतो. संध्याकाळी उठताना कंपनी बंद करून टॅलीतून नीट बाहेर पडायची सवय लावून घ्या.

मेन स्विचचा घोळ

मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत अपडेट बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण सॉफ्टवेअरमध्ये नसतं. सात वाजतात, कोणीतरी 'अपडेट अँड शट डाउन' दाबतं आणि ७:२२ ची लोकल गाठायला निघतं. मागून शटर ओढणारा माणूस शिरस्त्याप्रमाणे मेन स्विच खाली करतो. पडद्यावर तेव्हा ३० टक्के लिहिलेलं असतं.

वीज अशी मध्येच गेली तर विंडोज बहुतेक वेळा केलेले बदल मागे घेतं आणि जुन्या स्थितीला येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी 'अनडूइंग चेंजेस' असं जे दिसतं, ते हेच. पण तोच प्रकार दर महिन्याला झाला की सिस्टिमच्या फाइली अर्धवट राहतात. मग अपडेट प्रत्येक वेळी एरर देऊन परत फिरतं आणि शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागतं.

म्हणून ऑफिसात एक नियम करा. पॉवरच्या मेनूत शट डाउनच्या शेजारी 'अपडेट अँड' असे शब्द दिसले, तर एक तर कोणी तरी थांबायचं, नाही तर साधं 'शट डाउन' दाबून निघायचं. साधा पर्याय बहुतेक वेळा मेनूत असतोच. मशीनचे दिवे विझल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही. 'अपडेट अँड शट डाउन' दाबूनही मशीन पुन्हा लॉगिनच्या पडद्यावर येऊन बसतं, ही तक्रार जुनी आणि खरी होती. विंडोज ११ मध्ये ती २०२५ च्या अखेरीस दुरुस्त झाली, जुन्या मशीनवर अजून भेटेल.

यूपीएसवर किती विसंबायचं? ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस, बॅटरी नवी असेल तर, एक डेस्कटॉप आणि मॉनिटर १० ते १५ मिनिटं ओढतो. दर महिन्याच्या अपडेटचा रीस्टार्ट एसएसडी (फिरत्या चकतीशिवायची वेगवान डिस्क) असलेल्या मशीनवर तेवढ्यात होऊन जातो. जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा-पाऊण तास सहज लागतो, आणि वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती त्याहून जास्त वेळ घेते. ते यूपीएसच्या भरवशावर करू नका. मुंबईत वीज क्वचितच जाते हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला जवळजवळ अख्खं शहर तासन्‌तास अंधारात होतं, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली की यूपीएस वीज जाताक्षणीच मान टाकतो. महिन्यातून एकदा प्लग काढून तो किती वेळ टिकतो ते बघा.

डाउनलोड

विंडोजची अपडेटं काहीशे एमबीपासून काही जीबीपर्यंत असतात. लॅपटॉपला मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून काम करणाऱ्याचा रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा दुपारपर्यंत उडतो तो असा.

उपाय एकाच स्विचचा आहे. हॉटस्पॉटला जोडलेलं असताना 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग त्या जोडणीच्या 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मीटर्ड म्हणजे मोजूनमापून मिळणारं नेट, अशा जोडणीवर विंडोज बहुतेक अपडेटं उतरवत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधला 'मीटर्ड जोडणीवरही डाउनलोड करा' हा स्विच मात्र बंद असायला हवा. ही खूण प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळी लागते. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं तर ती पुन्हा लावा.

घरचं ब्रॉडबँड मात्र मीटर्ड करून ठेवू नका. ही युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. तिने अपडेटं कायमची अडतात आणि वर्षभराने कोणाला आठवतही नाही की का.

आठ-दहा मशीनचं ऑफिस असेल, तर प्रत्येकाने तेच अपडेट वेगळं उतरवायची गरज नाही. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. तिथे दुसऱ्या मशीनकडून घेण्याची परवानगी चालू करा आणि 'माझ्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं' एवढाच पर्याय निवडा. इंटरनेटवरच्या अनोळखी मशीनचा पर्याय निवडला तर तुमचं अपलोड खर्ची पडतं. तिथेच खाली वेगाची मर्यादाही घालता येते. दिवसा मागच्या बाजूने चालणाऱ्या डाउनलोडला १० टक्क्यांवर आणलं तर व्हिडिओ मीटिंग अडखळत नाही.

मशीन मंद होणं

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वर 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' दिसत असेल, तर इन्स्टॉल चालू आहे. 'एंड टास्क' करू नका. थोड्या वेळाने ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. जेवणाच्या सुट्टीत मशीन लॉक करून तसंच चालू ठेवा, बरंचसं काम तेवढ्यात उरकतं. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर मात्र सेटिंग बदलून फारसा फरक पडत नाही. लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची साटा एसएसडी आणून त्यावर विंडोज घेणं हाच इलाज, आणि जुन्या मशीनवर खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला पैसा इथेच घालावा.

प्रो असेल तर

प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर मिळतो. त्यात 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'विंडोज कंपोनंट्स', 'विंडोज अपडेट' असं खाली उतरा. विंडोज ११ मध्ये पुढे 'मॅनेज एंड यूजर एक्सपिरियन्स' लागतं. 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' उघडून 'एनेबल्ड' करा. पर्याय २ म्हणजे डाउनलोडच्या आधी विचारणं, हा हॉटस्पॉटवाल्यांसाठी. पर्याय ३ म्हणजे डाउनलोड आपोआप, इन्स्टॉलच्या आधी विचारणं, हा ब्रॉडबँडच्या ऑफिसासाठी. पर्याय ४ मध्ये वार आणि वेळ नेमता येते. कोणी लॉगिन असताना रीस्टार्ट नको अशीही एक पॉलिसी आहे, पण ती ४ च्याच जोडीला चालते, २ किंवा ३ बरोबर तिचा उपयोग नाही.

होमवर हा एडिटर नाही. तो बसवून देणाऱ्या स्क्रिप्टा यूट्यूबवर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. विंडोज अपडेटची सर्व्हिस बंद करून ठेवण्याचाही उपयोग होत नाही. 'विंडोज अपडेट मेडिक' नावाची दुसरी सर्व्हिस तिला परत उभी करते.

पॉझ किती काळ, आणि का फार नाही

विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉझ'चं बटण आहे. विंडोज ११ मध्ये एकेक आठवडा वाढवत पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, विंडोज १० मध्ये ३५ दिवस. मुदत संपली की आधी साचलेली अपडेटं घ्यावीच लागतात, मगच पुन्हा पॉझ मिळतो.

थोडं थांबण्यात शहाणपण आहे. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने प्रिंटिंगमधलं सुरक्षेचं छिद्र बुजवलं आणि त्याच झटक्यात असंख्य ऑफिसांतले शेअर केलेले प्रिंटर '११बी'वर संपणारा एरर दाखवून गप्प बसले. असा घोळ पहिल्या तीन-चार दिवसांत उघड होतो.

पण महिनोन्‌महिने थांबणं अंगाशी येतं. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ ला जगभरची मशीन कुलूपबंद केली, तेव्हा तो ज्या छिद्रातून शिरला त्यावरचं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस पसरला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक तेच छिद्र होतं, आणि न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं.

याच्या अगदी उलट टोकाला १९ जुलै २०२४. त्या दिवशी जगभरची विंडोज मशीन बंद पडली आणि विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तो दोष विंडोज अपडेटचा नव्हता, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलचा होता. अशा फाइली विंडोजच्या पॉझने अडत नाहीत.

तेव्हा पद्धत अशी ठेवा: दुसऱ्या मंगळवारच्या आधीच्या सोमवारी 'पॉझ' एक आठवडा, आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारनंतर 'रिझ्यूम'. 'नवीन अपडेट मिळताक्षणी घ्या' हा स्विच बंद. महिनाअखेरीकडे 'प्रिव्ह्यू' शब्द असलेली जी अपडेटं दिसतात ती ऐच्छिक असतात, कामाच्या मशीनवर घेऊ नका.

शनिवारचं काम

टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह काढून ठेवा. सी ड्राइव्हवर महिन्याच्या अपडेटसाठी १० जीबी, मोठ्या आवृत्तीसाठी २० जीबी तरी मोकळी हवी. कमी असेल तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' इथून साफ करा, मात्र यादीतल्या 'डाउनलोड्स'वर खूण राहिलेली नाही ना ते पाहा. डिजिटल सहीचं टोकन आणि बाहेरची हार्ड डिस्क काढा. लॅपटॉपला चार्जर लावा. मशीन एकदा साधं रीस्टार्ट करा, कारण आधीचं अर्धवट काम अडकलेलं असलं तर नवं अपडेट त्यावरच अडखळतं. मग 'रिझ्यूम' दाबून सगळं उतरू द्या आणि रीस्टार्ट करा.

टक्केवारी एकाच आकड्यावर तासभर थांबली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. दोन तासांत काहीच हललं नाही आणि दिवाही मेलेला असेल, तरच पॉवरचं बटण १० सेकंद दाबून बंद करा.

परत चालू झाल्यावर लगेच निघू नका. प्रिंटरवर एक पान काढा, स्कॅनर तपासा, टोकन लावून सहीच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट दिसतंय का बघा, टॅली उघडा. यातलं काही अडलं तर सोमवारपर्यंत वेळ हाताशी असतो. शनिवार निवडायचा तो यासाठीच.

डाउनलोडच पुन्हा पुन्हा फसत असेल, तर 'सर्व्हिसेस'मध्ये विंडोज अपडेट थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' आणि त्यात 'डाउनलोड' असं जाऊन आतल्या फाइली पुसा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा. जुनं अर्धवट उतरलेलं जातं, नवं पहिल्यापासून येतं.

अपडेटने काही मोडलं तर

'अपडेट हिस्टरी'त तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. तारखेवरून शेवटचं ओळखा, काढा आणि लगेच एक आठवडा पॉझ करा. नाही तर रात्रीतून तेच परत बसेल. मोठी आवृत्ती नकोशी झाली तर 'सिस्टिम', 'रिकव्हरी', 'गो बॅक' असं मागे जाता येतं, पण फक्त १० दिवसांत, आणि तोवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसलेलं नसेल तरच.

मशीन चालूच होत नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसताक्षणी पॉवर दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'अनइन्स्टॉल अपडेट्स', आणि 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट'.

इथे नव्या लॅपटॉपवर ४८ आकडी बिटलॉकर की (डिस्कवरचं विंडोजचं कुलूप उघडणारी संख्या) मागितली जाऊ शकते. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला. ते खातं कित्येकदा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं किंवा दुकानातल्या मुलाने घाईत बनवलेलं निघतं. 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स'मध्ये कोणाचा ईमेल आहे ते आजच बघा, खात्यातून की शोधा, छापा आणि चेकबुकं ठेवता त्या कपाटात ठेवा.

विंडोज १० वाल्यांसाठी

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे अपडेटचा त्रास संपला असं समजून स्वस्थ बसलेली बरीच मशीन आता उघड्यावर आहेत. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेटं मिळतात, विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप किंवा सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं की मशीन त्यात बसतं का ते कळतं. टीपीएम नाही असं ते म्हणालं, तर नवं मशीन घ्यायला निघण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम नुसतं बंद करून ठेवलेलं नाही ना, तेवढं पाहा. इंटेलच्या बोर्डांवर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डांवर 'एफटीपीएम' या नावाने सापडतं. बिटलॉकर चालू असेल तर टीपीएमच्या सेटिंगला हात लावण्याआधी वरची ४८ आकडी की जवळ घ्या.